‘किमान कौशल्य’ ही कल्पना आणि नळकामाचे शालेय शिक्षण : खानदेशाच्या संदर्भात एक चिकित्सा

१

माध्यमिक शाळेत व्यवसायाचे शिक्षण द्यावे की नाही, हा वाद आपल्याकडे तत्त्वतः केव्हाच मिटला आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत दोन शाखा असाव्यात, असे सुचविले. एक शाखा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी आणि दुसरी व्यापारउदिमाच्या व्यवहारास उपयोगी पडणारी, अशी ती योजना होती. तेव्हापासून आजतागायत या विषयावर ज्या ज्या समित्या बसल्या, त्या सर्वांनी व्यवसायशिक्षणाच्या बाजूनेच कौल दिला आहे. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीनंतरच्या टप्प्यावरील निम्मे विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. १९८६ साल उजाडले तेव्हा त्या वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे उद्दिष्ट १९९० पर्यंत १० टक्के व १९९५ पर्यंत २५ टक्के असे खाली आणले. १९९२ च्या कृतिकार्यक्रमाने त्याच आकड्यांची मुदत १९९५ व २००० अशी पुढे ढकलली. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडावा, असे पुन्हा म्हटले. पन्नासावरून पंचवीसावर आणि पंचवीसावरून पुन्हा पन्नासावर असा हा प्रवास आहे. शेवटच्या पन्नासात ‘शिक्षण’ या शब्दाच्या जागी ‘परिचय’ हा शब्द आला आहे, हेही नजरेआड करता येत नाही.

एखादे उद्दिष्ट सर्वांना मान्य असूनही अर्धशतकभर हुकत राहते, तेव्हा दोष अंमलबजावणीतच असेल असे गृहीत धरणे सोयीचे असले तरी शास्त्रीय नव्हे. कार्यशाळा नव्हती, हत्यारे नव्हती, शिक्षक मिळाले नाहीत, निधी वेळेवर आला नाही, ही कारणे खरी आहेत. परंतु ती दुय्यम आहेत. ज्या गोष्टीचे मोल आपल्याला खरोखर वाटते, तिच्यासाठी समाज साधने उभी करतो. महाराष्ट्रातील गावोगावच्या इंग्रजी शाळांचा इतिहास याला साक्षी आहे. म्हणून प्रस्तुत लेखात साधनांच्या उणिवेऐवजी कल्पनेच्या उणिवेचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी नळकाम हा एकच व्यवसाय आणि जळगाव व धुळे हे दोनच जिल्हे उदाहरणादाखल घेतले आहेत. क्षेत्र असे आखून घेतल्याने सामान्य विधानांच्या धुक्यातून बाहेर पडता येईल.

२

महाराष्ट्रात १९७८ च्या सुमारास उच्च माध्यमिक स्तरावर द्विलक्ष्यी अभ्यासक्रम सुरू झाले आणि १९८८-८९ पासून ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’ आले. या दुसऱ्या नावातील ‘किमान’ हा शब्द तपासण्याजोगा आहे. योजनाकारांचा हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. विद्यार्थी शाळेतून बाहेर पडताना निदान इतके तरी काम त्याच्या हाती असावे की ज्यावर तो पोट भरू शकेल, अशी ती हमी होती. परंतु शिक्षणाच्या व्यवहारात हमी आणि मर्यादा यांमधील रेषा फार पातळ असते. खालची पातळी म्हणून सांगितलेली गोष्ट पाहता पाहता वरची पातळी होऊन बसते. विज्ञान शाखेला आपण ‘किमान गणितावर आधारित’ असे नाव देत नाही, आणि वाङ्मयाच्या अभ्यासक्रमाला ‘किमान रसिकतेवर आधारित’ असे म्हटले तर ते उपहासाचे वाटेल. हे विशेषण हातांच्या शिक्षणालाच लागावे आणि ते कोणालाही खटकू नये, यावरून त्या शिक्षणाविषयीची आपली धारणा उघड होते.

डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्याने हीच धारणा अधिक काटेकोर केली. त्यात कामाचे दहा स्तर कल्पिले असून नववी ते बारावी या चार इयत्तांना पहिल्या चार स्तरांशी जोडण्याची मूळ योजना होती. त्यातील तिसऱ्या स्तराच्या वर्णनाचा आशय असा की, या स्तरावरील व्यक्ती मर्यादित प्रकारची, नेहमीच्या ठशाची आणि आधी अंदाज करता येईल अशी कामे निकट देखरेखीखाली करील. भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने शाळांसाठी जी व्यवसायविषयक पाठ्यसामग्री तयार केली, तीत ‘प्लंबर (सामान्य)’ या कामाचाही समावेश आहे. ही सामग्री निष्काळजीपणे तयार झालेली नाही. हत्यारांची ओळख, नळ्यांचे प्रकार, सुरक्षितता, ग्राहकाशी बोलणे अशा सर्व गोष्टींची तीत दखल घेतलेली असते. तिची अडचण निराळी आहे. व्यवसायाचे सुट्या कृतींत विभाजन करावे, प्रत्येक कृती साध्य झाली की नाही हे तपासावे आणि अशा कृतींची बेरीज म्हणजे तो व्यवसाय असे समजावे, हे तिचे गृहीतक आहे. नळी कापता येते, आटे पाडता येतात, जोड बसविता येतो, तोटी बदलता येते. म्हणून नळकाम येते. हे अनुमान बरोबर आहे काय?

३

नळकामाचे खरे स्वरूप पाहिले असता हे अनुमान टिकत नाही. ‘प्लंबर’ हा शब्द शिसे या धातूच्या लॅटिन नावावरून आला, कारण रोमन काळी नळ शिशाचे असत. आज आपल्याकडे शिसे गेले, पुष्कळ अंशी लोखंडही गेले आणि त्यांच्या जागी प्लास्टिकच्या नळ्या आल्या. लोखंडी नळीला डायने आटे पाडणे, त्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा लावणे ही एके काळची मुख्य कसबे होती. आता बहुतेक घरगुती कामात नळी करवतीने कापून द्रावणाने चिकटविली जाते. म्हणजे ज्या कृतींची यादी करून आपण ‘किमान कौशल्य’ ठरवितो, त्या कृती एका पिढीच्या आत बदलतात. बदलत नाही ते पाण्याचे वागणे. पाणी उतार शोधते, दाबाने चढते, मोकळी वाट मिळेल तिकडे जाते आणि वाटेत जे भेटेल ते बरोबर घेऊन येते. नळकारागिराचे ज्ञान हे मूलतः या वागण्याचे ज्ञान आहे आणि त्याचा विषय बहुधा भिंतीत किंवा जमिनीखाली, म्हणजे दृष्टीआड असतो. भिंतीवर ओल दिसते एका ठिकाणी आणि गळती असते दुसऱ्याच ठिकाणी. लक्षणावरून कारणाकडे जाण्याची ही क्रिया वैद्याच्या निदानाच्या जातीची आहे. तिला ‘नेहमीच्या ठशाची’ म्हणणे म्हणजे व्यवसायाचे बाह्यांग पाहून अंतरंगाविषयी निर्णय देणे होय.

हे निदान चुकले तर काय होते, याचे दाखले इतिहासात आहेत. १९३३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शनाच्या काळात आमांशाची साथ उद्भवली. सुमारे १,४०० रुग्ण आणि ९८ मृत्यू अशी तिची नोंद आहे. तपासाअंती तिचे मूळ दोन हॉटेलांतील सदोष नळजोडण्यांत सापडले; पिण्याच्या पाण्याचा आणि मैल्याच्या पाण्याचा संबंध तेथे आला होता. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. तेथील एक महत्त्वाचे कारण न्हाणीघराच्या जमिनीतील कोरडे पडलेले ट्रॅप हे ठरले. ट्रॅप म्हणजे सांडपाण्याच्या नळीला दिलेला बाक. त्यात बोटभर पाणी साचून राहते आणि गटारातील वायूला घरात येण्यास अटकाव होतो. हे बोटभर पाणी आटले तर सारी वसाहत धोक्यात येऊ शकते. ट्रॅप बसविणे ही कृती ‘किमान कौशल्या’त येते. तो का बसवायचा आणि केव्हा निकामी होतो, हे समजणे मात्र त्या कौशल्यात येत नाही.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. खानदेशातील शहरांत व खेड्यांत पाणीपुरवठा अखंड नसतो. धुळे शहराच्या नागरिकांना तर पाण्याच्या पाळीची वाट पाहण्याचा दीर्घ अनुभव आहे. पुरवठा खंडित असला की नळीत काही काळ दाब असतो आणि बराच काळ नसतो. दाब नसताना नळीला जेथे चीर असेल, तेथून बाहेरचे पाणी आत शिरू शकते, आणि आपल्या गल्ल्यांत पाण्याची नळी व गटार यांचे अंतर पुष्कळदा हातभरही नसते. अशा वेळी एखादा घरमालक नळकारागिराला बोलावून सांगतो की, पाण्याला जोर नाही, मुख्य नळीलाच टिल्लू पंप जोडून दे. हे काम तांत्रिक दृष्ट्या अगदी सोपे आहे. परंतु पंप सुरू होताच नळीतील दाब आणखी घटतो, शेजारच्या घरांचे पाणी तुटते आणि गटारातील द्रव ओढला जाण्याचा संभव वाढतो. कारागिराने येथे काय करावे? जमिनीत हौद बांधून त्यात पाणी घ्यावे आणि पंप हौदाला लावावा, हे उत्तर त्याला ठाऊक हवे. ते घरमालकाला पटवून देण्याइतकी भाषा त्याच्याजवळ हवी, आणि प्रसंगी काम नाकारण्याइतका आत्मविश्वासही हवा. ज्ञान, भाषा आणि आत्मविश्वास या तिन्ही गोष्टी शाळाच देऊ शकते. मिस्त्रीच्या हाताखाली राबणाऱ्या पोराला त्या सहसा मिळत नाहीत. शालेय शिक्षणाचे प्रयोजन जर कोठे असेल तर ते येथे आहे. आपला अभ्यासक्रम मात्र मिस्त्री जे अधिक चांगले शिकवितो, तेच त्याच्यापेक्षा कमी चांगले शिकविण्यात आपली शक्ती खर्च करतो.

४

खानदेशाच्या संदर्भात ही उणीव अधिकच जाणवते, कारण पाण्याविषयीचे सुसंघटित ज्ञान या प्रदेशाला नवे नाही. पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती हे त्याचे उत्तम उदाहरण होय. नदीवर दगडी बंधारा घालून पाट काढावा, पाटाखालील क्षेत्राचे फड पाडावेत, एका फडात एकच पीक घ्यावे आणि पाणी पाळीने द्यावे, अशी ती व्यवस्था होती. पाटकरी हा पाणी सोडणारा माणूस कोणत्या चारीला किती वेळ पाणी द्यावे हे जाणत असे आणि त्याबद्दल तो गावाला उत्तरदायी असे. त्याच्या कौशल्यापासून त्याची जबाबदारी वेगळी काढता येत नव्हती. याच पांझरेच्या परिसरात, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकतेच रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ओहळ ओलांडून पाणी नेणाऱ्या नळीच्या सायफनचे काम केले. पुढे ज्यांची कीर्ती देशभर झाली, त्या अभियंत्याच्या कारकिर्दीचा आरंभ खानदेशातील एका नळीच्या कामाने झाला, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांस अवश्य सांगितली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेला आणखी एक वळण मिळाले. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांनी १९८० साली जळगाव येथे प्लास्टिकच्या नळ्यांचे उत्पादन सुरू केले आणि पुढे ठिबक सिंचनाच्या साहित्याने जळगावचे नाव जगाच्या बाजारात पोहोचविले. परिणामी रावेर-यावलकडील केळीच्या बागेत वाढलेला मुलगा शाळेत येतो तो नळीच्या व्यवहाराशी परिचित होऊनच. सबमेनमधून लॅटरलमध्ये पाणी जाते, शेवटच्या झाडाला कमी पडते, ड्रीपर क्षाराने चोंदतो, वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवावा लागतो, व्हेंचुरीने खत ओढले जाते, हे तो पाहत आलेला असतो. व्हेंचुरी ज्या तत्त्वाने खत ओढते, त्याच तत्त्वाच्या नात्यातील क्रियेने फुटक्या नळीत गटाराचे पाणी ओढले जाते. दोन्ही ठिकाणी कमी झालेला दाब बाहेरच्या द्रवाला आत घेतो. शेतातील आणि घरातील हा संबंध दाखवून देणारा शिक्षक मिळाला तर भौतिकशास्त्राचा धडा आणि व्यवसायाचा धडा एकच होतील. आज ते दोन निरनिराळ्या तासिकांत, दोन निरनिराळ्या शिक्षकांकडून, बहुधा दोन निरनिराळ्या प्रकारच्या मुलांना शिकविले जातात.

दुसरीकडे मागणीही बदलली आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन अभियानाने ग्रामीण भागात प्रत्येक घरी नळ आणि दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे लक्ष्य ठेवले. आरंभी ठरलेली २०२४ ही मुदत नंतर २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. टाक्या, झडपा, मीटर, नळ्या यांचा एवढा पसारा खेड्यात उभा राहिल्यावर तो सांभाळणार कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘नल जल मित्र’ या नावाने गावातील निवडक व्यक्तींना अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम निघाला. तो स्वागतार्ह आहे. पण गावातील माध्यमिक शाळेशी त्याचा संबंध योगायोगाने आला तरच येतो. योजना पाण्याची असते आणि शाळा परीक्षेची, त्यामुळे एकाच गावात राहूनही त्यांची गाठ पडत नाही.

५

येथे दोन गंभीर आक्षेपांचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप अर्थशास्त्रीय आहे. फिलिप फॉस्टर यांनी १९६५ साली घानाच्या अनुभवावरून असे प्रतिपादन केले की, शाळेतील अभ्यासक्रम बदलून मुलांच्या आकांक्षा बदलता येतील, हा नियोजनकारांचा भ्रम आहे. मुले पुस्तकी शिक्षणाकडे धावतात ती अज्ञानामुळे धावत नाहीत. कारकुनाची नोकरी अधिक पैसा आणि अधिक स्थैर्य देते, हे त्यांना बरोबर कळते. त्या अर्थाने साक्षरी शिक्षण हेच त्यांच्या दृष्टीने व्यवसायशिक्षण असते. हा युक्तिवाद प्रबळ आहे आणि आपल्याकडेही त्याचा प्रत्यय येतो. भारतातील नळकारागिरांचा सर्वांत प्रसिद्ध प्रदेश म्हणजे ओडिशातील केंद्रापाडा जिल्हा. तेथील कारागीर देशातील मोठ्या शहरांत आणि आखाती देशांतही पसरले आहेत. परंतु ही परंपरा कोणत्याही शाळेने निर्माण केलेली नाही. नातलग आणि गावकरी यांच्या साखळीतून ती वाढली, आणि पट्टामुंडाई येथील नळतंत्राची शासकीय संस्था त्या परंपरेच्या मागोमाग आली. तात्पर्य, शाळा व्यवसाय निर्माण करीत नाही.

फॉस्टर यांचा हा निष्कर्ष मान्य करूनही असे म्हणता येते की, त्यातून व्यवसायशिक्षण व्यर्थ असल्याचे सिद्ध होत नाही. त्याचे प्रयोजन चुकीच्या जागी शोधले जाते, इतकेच सिद्ध होते. शाळेने नोकरी देण्याचे वचन देऊ नये. व्यवसायाला आपल्या ज्ञानाचे भान देणे हे तिचे काम आहे. ज्याला हे भान आहे तो कारागीर पुढे ठेकेदार होऊ शकतो, पदविका घेऊ शकतो, पाणीपुरवठा समितीत बसून आराखडा वाचू शकतो. ज्याला ते नाही तो हत्यारे बदलली की मागे पडतो.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे आणि तो अधिक जिव्हारी लागणारा आहे. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास जॉन ड्यूई यांनी डेव्हिड स्नेडन यांच्याशी वाद घातला तो याच मुद्द्यावर. मजुरांची मुले मजुरीसाठी तयार करणारी वेगळी शाळा ही लोकशाहीला घातक आहे, अशी ड्यूई यांची भूमिका होती. आपल्याकडे या भयाला जातीची धार आहे. साक्री-शिरपूर-चोपड्याच्या आदिवासी पट्ट्यातील मुलांना आणि शहरातील झोपडपट्टीतल्या मुलांनाच ‘तुमच्यासाठी हे बरे’ म्हणून नळकाम सुचविले गेले, तर व्यवसायशिक्षण हे जुन्या विभागणीला दिलेले नवे प्रमाणपत्र ठरेल. दहावीला कमी गुण पडलेल्यांची शाखा असे तिचे रूप झाले की तिच्यावर हा शिक्का बसतोच.

नळकामाच्या बाबतीत या विभागणीचे एक विशेष रूप आढळते, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हा व्यवसाय दोन पाण्यांचा आहे, येणाऱ्या आणि जाणाऱ्या. येणाऱ्या पाण्याचे काम करणारा ‘प्लंबर’ म्हणून घरात घेतला जातो. जाणारे पाणी तुंबले की वेगळ्या माणसाला बोलावणे जाते, आणि तो माणूस पुष्कळदा विशिष्ट जातींतूनच येतो. हाताने मैला साफ करण्याच्या कामास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली झाला. तरीही मैल्याच्या टाक्यांत गुदमरून माणसे मरण्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने मात्र ही दोन पाणी वेगळी करता येत नाहीत. शिकागोच्या त्या साथीचे मूळ या दोहोंच्या संबंधातच होते. म्हणून नळकामाचा खरा अभ्यासक्रम तो, ज्यात सांडपाण्याच्या नळीचा ढाळ आणि पिण्याच्या पाण्याचा दाब एकाच वर्गात, एकाच फळ्यावर, सर्व जातींच्या मुलामुलींना शिकविला जातो. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाबरोबर आरोग्यविषयक पाठही सुचविले होते. शुद्रातिशूद्रांच्या मुलांना फक्त काम शिकवा, असे ते म्हणत नव्हते. लेखन, वाचन, हिशेब, इतिहास, व्याकरण, भूगोल यांच्या जोडीने ते हे मागत होते. या ‘जोडीने’ शब्दातच आजच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

६

फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. त्यानंतर वर्षभराच्या आत, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्धा येथे नई तालीमची योजना आकारास आली. खेड्याकडे वळलेल्या राष्ट्रीय विचाराचे हे दोन टप्पे होत. वर्धा योजनेतील मूळ कल्पना उद्योगाद्वारा शिक्षण ही होती. उद्योगाचे शिक्षण ही नव्हे. सूत काढता काढता गणित, भूगोल, इतिहास शिकावा, अशी ती कल्पना. ती टकलीशी जखडली गेली आणि सरकारी शाळांत निर्जीव झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु कल्पना आणि टकली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या खानदेशातील घरात टकली नाही, नळी आहे. तिच्या आधारे काय शिकविता येईल, याचे दिग्दर्शन करणे उचित होईल.

एक गळका नळ घेऊ. सेकंदाला एक थेंब पडतो आणि थेंबाचे आकारमान एक मिलिलिटरचा विसावा भाग आहे असे धरले, तर दिवसाला सुमारे ४.३ लिटर आणि वर्षाला सुमारे १,५७५ लिटर पाणी वाया जाते. दरडोई ५५ लिटरच्या हिशेबाने ते एका माणसाचे चार आठवड्यांचे पाणी झाले. नववीच्या मुलाला हे गणित येते. पुढची पायरी अशी : अर्ध्या इंची नळीऐवजी एक इंची नळी घातली तर पाणी किती वाढेल? सहज उत्तर येते, दुप्पट. क्षेत्रफळ शिकलेला मुलगा म्हणेल, चौपट. प्रत्यक्षात तेवढ्याच उतारदाबाखाली ते पाचपटींहून अधिक होते, कारण रुंद नळीत घर्षणाचा वाटा घटतो. येथे विद्यार्थ्याला सूत्राची गरज स्वतःहून वाटू लागते. तिसरे उदाहरण टाकीचे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. तेव्हा गच्चीवरील टाकीचे पाणी तळमजल्यावर जोराने आणि वरच्या मजल्यावर बारीक का येते, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. आणि १०० मिलिमीटर व्यासाच्या सांडपाण्याच्या नळीला साधारण चाळीसास एक ते साठास एक असा ढाळ का द्यावा, फार कमी दिला तर मळ का साचतो, हा प्रश्न भूमितीचा आहे, तसाच आरोग्याचाही आहे.

भाषेचा प्रश्नही येथे येतो आणि तो गौण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी परिभाषेत फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता आणि प्लंबरला नळ कारागीर म्हणतात. यांतील काही शब्द प्रमाणपत्रावरच राहिले. उलट आटे, ढाळ, ओळंबा, पाणसळ, हौद, तोटी, मोरी हे शब्द कारागिरांच्या तोंडी जिवंत आहेत आणि अर्थाने काटेकोर आहेत. ‘नहाणी ट्रॅप’ हा शब्द तर भारतभरच्या बांधकामाच्या बोलीत रूढ झाला आहे. त्याचा पूर्वार्ध आपल्या न्हाणीघराशी नाते सांगतो. एल्बो, टी, युनियन, व्हॉल्व्ह हे शब्दही आता मराठीच समजावेत. पाठ्यपुस्तकाने बाजाराचे व कार्यशाळेचे हे शब्द निःसंकोचपणे स्वीकारले तर विद्यार्थ्याला आपले घर आणि आपले पुस्तक यांत अंतर वाटणार नाही. अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे अंतर आधीच एका पायरीने अधिक असते.

शिक्षक कोण, हा प्रश्न उरतो. २०२० च्या धोरणाने स्थानिक जाणकारांना शाळेत प्रशिक्षक म्हणून बोलावण्याची मुभा दिली आहे. सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची सूचनाही त्यात आहे. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. परंतु दहा दिवसांचा सहवास हा पाहुणचार असतो. त्यातून ज्ञानाचे नाते जुळत नाही. वीस वर्षे काम केलेल्या मिस्त्रीला आणि पदवीधर विज्ञानशिक्षकाला एका वर्गात एकत्र उभे करणे, मिस्त्रीने निदान सांगावे आणि शिक्षकाने त्यामागील नियम सांगावा, अशी जोडी वर्षभर टिकविणे, हे अधिक अवघड आणि अधिक फलदायी ठरेल. परीक्षाही त्याच धोरणाने घ्यावी. सुटे जोड बसवून घेण्याऐवजी विद्यार्थ्यापुढे एक बिघडलेली व्यवस्था ठेवावी आणि कारण कोणते, ते कशावरून, दुरुस्तीचे मार्ग किती व त्यांतील कोणता निवडला, हे त्याच्याकडून लेखी व तोंडी घ्यावे. अशा परीक्षेत पाठांतर उपयोगी पडत नाही आणि नुसती हातचलाखीही पुरत नाही.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसायशिक्षणाचे अपयश ‘किमान कौशल्य’ या कल्पनेच्या पोटातच होते. तिने व्यवसायातील कृती उचलल्या, पण निर्णय सोडून दिले. हात उचलले, पण जबाबदारी सोडून दिली. नळकामासारख्या व्यवसायात निर्णय आणि जबाबदारी हाच गाभा असल्यामुळे तेथे ही चूक विशेष ठळकपणे दिसते. खानदेशात फडाचा पाटकरी, विश्वेश्वरय्यांचा सायफन आणि केळीच्या बागेतील ठिबकची नळी अशी पाणीज्ञानाची परंपरा जवळ असूनही शाळेने तिचा आधार घेतला नाही, यामुळे ती अधिक खेदजनक वाटते.

यावर उपाय म्हणून दोन टप्पे वेगळे ठेवावेत. कोठारी आयोगाने सर्वांसाठी कार्यानुभव आणि काहींसाठी व्यवसायशिक्षण असा जो भेद केला होता, तो आजही योग्य आहे. दहावीपर्यंत पाण्याचे हे शिक्षण सर्व विद्यार्थ्यांना, मुलींनाही, आणि गुणवत्ता यादीत येणाऱ्यांनाही मिळावे. कारण नळकारागीर न होणारेही पुढे घरमालक, सरपंच, अभियंते आणि अधिकारी होणार असतात, आणि टिल्लू पंप लावून द्या म्हणणारे तेच असतात. दहावीनंतर ज्यांना हा व्यवसाय करावयाचा आहे त्यांच्यासाठी दोन वर्षांचा सखोल अभ्यासक्रम असावा, त्यात गणित व भाषा या विषयांना काट मारू नये आणि पदविकेपर्यंतची वाट पूर्णपणे खुली असावी. ज्या शाखेतून वर जाता येत नाही त्या शाखेत कोणीही आपणहून येत नाही. फॉस्टर यांनी साठ वर्षांपूर्वी घानात पाहिलेले सत्य जळगाव-धुळ्यातही तेच आहे.

या विद्यापीठाच्या परिसरात बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचा गौरवाने उच्चार होतो. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा अक्षरओळख नसलेल्या शेतकरी स्त्रीजवळ एवढे चिंतन असू शकते, याचे मराठी वाचकाला आश्चर्य वाटले. राबणाऱ्या हाताजवळ विचार असतो हे आपण काव्यात मान्य केले. अभ्यासक्रमात ते अजून मान्य व्हावयाचे आहे.